अरण्यातील मुक्कामाचा इतिहास

धारवाडाहून गोव्याकडे निघालेला रस्ता केलगेरीच्या तळ्याला मागे टाकून पश्चिमेस जाऊ लागला म्हणजे भूमीचा वर्ण आणि झाडांची उंची हळूहळू पालटू लागते. काळ्या मातीचा उघडा मुलूख संपतो, मलनाडाची तांबडी माती लागते, आणि अळणावर ओलांडल्यावर दोन्ही अंगांस सागवान उभे राहते. १८८८ च्या सुमारास मुरगावपर्यंतची रेल्वे सुरू होण्यापूर्वी, घाटाखाली कुलदेवतेच्या दर्शनास जाणाऱ्या कुटुंबांचा प्रवास याच टापूतून बैलगाड्यांनी होत असे. दिवसास चार-पाच कोस चालावे, पाण्याच्या आश्रयाने गाड्या सोडाव्यात, तीन दगडांची चूल मांडावी आणि रात्री जाळ विझू देऊ नये, असा त्या प्रवासाचा क्रम असे. जाळ ठेवावयाचा तो वाघाच्या भयाने. त्या प्रवासास कोणी वनविहार म्हणत नसे. अरण्य हे देवाच्या वाटेतले एक संकट, एवढेच त्याचे स्थान होते.

याच अरण्यात दुसऱ्या एका वर्गाचे मुक्काम पडत, ते सरकारी अंमलदारांचे. मुंबई इलाख्यातील कलेक्टर, त्यांचे असिस्टंट आणि जंगलखात्याचे अधिकारी हिवाळा लागला की दौऱ्यावर निघत. तंबूंचे दोन संच असत. साहेब एका मुक्कामी निजला असता दुसरा संच रातोरात बैलगाड्यांवर लादून पुढच्या मुक्कामी रवाना होई, आणि सकाळी घोड्यावरून साहेब पोचतो तो राहुट्या ठोकलेल्या, कनाती ताणलेल्या आणि न्याहारी मांडलेली असे. गाड्या, गवत, लाकूडफाटा, दूध व कोंबड्या गावाने पुरवावयाच्या. पैसे कधी मिळत, कधी मिळत नसत. वेठबिगार हा शब्द आमच्या आजोबांच्या पिढीस पुस्तकात शोधावा लागत नव्हता. १८८३ साली कारवार जिल्ह्याचे आणि १८८४ साली धारवाड जिल्ह्याचे जे गॅझेटियर निघाले, त्यांतील बरीच माहिती अशा दौऱ्यांवरच गोळा झालेली आहे. त्या ग्रंथांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्या माहितीखाली कोणाच्या बैलांचे खांदे सोलवटले हेही वाचकाने ध्यानी ठेवावे.

हा पूर्वेतिहास आम्ही मुद्दाम सांगितला, कारण अरण्यात तळ देऊन राहण्याची हौस आता आमच्या लोकांतही दिसू लागली आहे, आणि तीही आफ्रिकेतल्या अरण्यांत. हुबळी-धारवाडाकडील आणि पुण्या-मुंबईकडील काही कुटुंबे बोत्स्वाना, नामिबिया किंवा दक्षिण आफ्रिका येथे जातात, चारही चाकांना जोर असणारी दणकट गाडी भाड्याने घेतात, टपावर घडीचा तंबू बांधतात आणि वाटाड्यावाचून स्वतः गाडी हाकीत सिंह-हत्तींच्या प्रदेशात आठ-पंधरा दिवस राहून येतात. तिकडेही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपल्या माणसास हाताचे वळण बदलावे लागत नाही. तथापि सारखेपणा येथेच संपतो.

आपल्याकडे असे करता येत नाही, आणि त्याचे कारण कायद्यात आहे. दांडेलीचे अभयारण्य १० मे १९५६ रोजी तत्कालीन मुंबई सरकारने जाहीर केले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन धारवाड व कारवार हे दोन्ही जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. म्हणजे ज्या सरकारने ते स्थापिले त्याच्या हाती ते सहा महिनेही राहिले नाही. पुढे १९८७ साली अणशीचे राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला आणि २०१५ साली त्यास काळी नदीचे नाव मिळाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे सत्ताविसावे कलम अभयारण्यात कोणास प्रवेश आहे ते सांगते: कामावर असलेला लोकसेवक, आत राहण्याची परवानगी मिळालेला मनुष्य, आत स्थावर मिळकतीवर हक्क असलेला, सार्वजनिक राजमार्गावरून जाणारा, आणि यांपैकी काहींचे आश्रित. बाकीच्या सर्वांनी अठ्ठाविसाव्या कलमाखाली परवाना घ्यावयाचा. तिसाव्या कलमाने, अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने अग्नी पेटविण्यास मनाई आहे. यामुळे कुळगी येथे वनखात्याच्या तंबूत निजता येते आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या जीपमधून फिरता येते. परंतु स्वतःची गाडी रानवाटेने नेऊन मनास येईल तेथे चूल मांडता येत नाही. आमच्या मते हे योग्यच आहे. आपली अरण्ये लहान, भोवतीची वस्ती दाट आणि सहलीस निघालेल्या मंडळींचा गलबला थोर.

आफ्रिकेतील गोष्ट निराळी पडते ती विस्ताराने. मध्य कलाहारीचे रक्षित क्षेत्र सुमारे ५२,८०० चौरस किलोमीटरांचे आहे. आपल्या गोव्यासारखे चौदा प्रदेश त्यात मावतील. अशा ठिकाणी निघालेल्याने आपला संसार बरोबर न्यावा लागतो. माऊन गावी शिधा भरून घेतला की मग वाटेत दुकान नाही. माणशी दिवसाला निदान पाच लिटर पाणी, डिझेलच्या जादा टाक्या, दोन फालतू चाके, फावडे आणि हवा भरण्याचा पंप ही सामग्री लागते. वाळूत शिरण्यापूर्वी चाकांतील हवा बरीच कमी करावयाची, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर तरतो. कठीण रस्ता लागला की ती पुन्हा भरावयाची. उन्हाळलेल्या गवतातून जाताना गवताचे बी गाडीच्या पोटाखाली धुराड्याच्या नळीपाशी साठते आणि पेट घेते, म्हणून दर काही कोसांवर खाली वाकून ते काढून टाकावे लागते. मुक्कामांना कुंपण नसते. अंधार पडल्यावर तंबूपासून दूर जावयाचे नाही, खाद्यवस्तू बाहेर ठेवावयाची नाही, आणि जोडासुद्धा तंबूखाली ठेवू नये, कारण तरस तो उचलून नेते. झांबेझीकाठच्या माना पूल्स येथे तर संत्र्यामोसंब्यांसारखी फळे बरोबर आणण्यासच मनाई आहे, कारण त्यांच्या वासाने हत्ती गाडीशी झोंबू लागतात.

या नियमांत आम्हांस एक गुण दिसतो. ते थोडे आहेत, आणि ते मोडल्याचे फळ दंडाधिकाऱ्याची वाट पाहत बसत नाही. वकिली व्यवसायात ज्यांचे आयुष्य तारखा मोजण्यात गेले, त्यांस याचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

परंतु जे रान आज प्रवाशास निर्मनुष्य दिसते ते तसे झाले कसे, हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्याचे उत्तर सुखाचे नाही. क्रूगर उद्यानाचेच पाहावे. ट्रान्सवालचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांनी १८९८ साली साबी नदीकाठी रक्षित रान जाहीर केले. बोअर युद्धानंतर, १९०२ साली, तेथे जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन नावाचा लष्करी अधिकारी नेमला गेला आणि तो १९४६ पर्यंत तेथेच राहिला. त्याने पहिले काम केले ते रानातील वस्त्या उठविण्याचे. तेथील त्सोंगा लोकांनी त्याला नाव दिले स्कुकुझा, म्हणजे झाडून साफ करणारा. आज उद्यानातील सर्वांत मोठ्या मुक्कामाचे नाव स्कुकुझा हेच आहे, आणि तेथे दुकान, उपाहारगृह व विमानाचा तळ आहे. एका जनसमूहाने संतापाने वा उपहासाने दिलेले नाव पाटीवर रंगवून त्याखाली पाहुण्यांची छायाचित्रे निघतात. इतिहासात अशी थट्टा अधूनमधून होत असते.

१९२६ साली कायदा होऊन तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९२७ साली पहिल्या तीन मोटारी आत शिरल्या. दर मोटारीस एक पौंड कर होता. राहण्यास खोल्या नव्हत्या, तेव्हा प्रवासी दिवस मावळेल तेथे काटेरी फांद्यांचे कुंपण करून आत निजत, थेट आमच्या बैलगाडीवाल्यांप्रमाणे. दोन वर्षांतच मोटारी शेकड्यांनी येऊ लागल्या. मग रस्ते झाले, फाटके झाली, सूर्यास्तापूर्वी मुक्कामावर परतण्याचा आणि मोटारीतून खाली न उतरण्याचा नियम झाला. स्वतः गाडी हाकून वन्यपशू पाहण्याच्या रीतीचा पाया तेथे पडला.

या मोटारींतून येणारे जवळजवळ सारे गोरे होते. कृष्णवर्णीयांसाठी आणि हिंदी लोकांसाठी दीर्घकाळपर्यंत बालुले नावाचा एकच लहानसा मुक्काम होता. नाताळमध्ये उसाच्या मळ्यांवर राबून ज्यांनी तो प्रांत उभा केला त्यांच्या नातवंडांस सिंह पाहण्याची मुभा होती, परंतु गोऱ्यांच्या शेजारी बसून नव्हती. १९६९ साली उद्यानाच्या उत्तर टोकावरील पाफुरी भागातून माकुलेके लोकांस सक्तीने हलविण्यात आले. वर्णभेदी राजवट गेल्यावर त्यांनी जमिनीचा दावा केला, आणि १९९८ साली सुमारे २४,००० हेक्टर भूमी त्यांस परत मिळाली. विशेष असे की, मालकी मिळाल्यावरही त्यांनी ती नांगराखाली न आणता रानच ठेवली, आणि पाहुण्यांकडून येणारे उत्पन्न आपल्या पदरी घेतले.

आफ्रिकेच्या रानात हिंदी माणसाने प्रथम तंबू ठोकले ते केव्हा, असे कोणी विचारील तर आम्ही त्यास त्सावोकडे नेऊ. मोंबासापासून आत जाणारी युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. त्यासाठी सुमारे ३२,००० मजूर व कारागीर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, नेण्यात आले. त्यांपैकी जवळजवळ अडीच हजार तेथेच मेले. १८९८ साली त्सावो नदीवर पूल बांधीत असता दोन आयाळहीन सिंहांनी मजुरांच्या छावण्यांवर नऊ महिने धाड घातली. काट्यांची कुंपणे फोडून ते तंबूंतून माणसे ओढून नेत. अभियंता पॅटरसन याने त्या डिसेंबरात दोन्ही सिंह मारले आणि १९०७ साली त्यावर पुस्तक लिहून जगभर नाव मिळविले. मेलेल्यांचा आकडा त्याने पुढे १३५ पर्यंत वाढविला. रेल्वेच्या हिशेबात २८ हिंदी मजूर नोंदले होते. आणि २००९ साली शास्त्रज्ञांनी सिंहांच्या केसांची व हाडांची परीक्षा करून सुमारे ३५ माणसे खाल्ली गेली असावीत असे अनुमान काढले. सिंहांची कातडी शिकागोच्या वस्तुसंग्रहालयात भुसा भरून उभी आहेत. सिंहांचा पत्ता असा नेमका सांगता येतो. ज्यांस त्यांनी खाल्ले त्यांची नावे मात्र फारच थोडी उरली. १९४८ साली त्याच टापूत त्सावोचे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि आता तेथे हौसेने तंबू ठोकतात.

बोत्स्वानातील मोरेमी क्षेत्राची कथा याहून उजळ, परंतु तिलाही एक सावली आहे. १९६३ साली, देश अद्याप ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली असता, बातवाना लोकांनी आपल्या शिकारीच्या भूमीचा एक भाग आपण होऊन रक्षित केला. त्या वेळी राज्यकारभार पाहत होत्या मोरेमी तिसरे यांच्या विधवा पत्नी एलिझाबेथ पुलाने मोरेमी, आणि क्षेत्रास नाव मिळाले ते त्यांच्या पतीचे. एका आफ्रिकी जमातीने स्वतः निर्णय करून रान राखल्याचे हे फार मानाचे उदाहरण आहे. मात्र ज्या सान लोकांची वस्ती त्या भागात, ख्वाई नदीच्या काठी, होती त्यांस ती हलवावी लागली. रक्षण करणारे एक आणि स्थलांतर करणारे दुसरे, ही गाठ येथेही सुटली नाही.

ती सर्वांत घट्ट झाली मध्य कलाहारीत. १९६१ साली ते क्षेत्र स्थापिले गेले तेव्हा जॉर्ज सिल्बरबावर या अधिकाऱ्याचा हेतू पशूंइतकाच माणसांच्या रक्षणाचा होता. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सान लोकांस शिकार व कंदमुळे यांवर जगता यावे, म्हणून. पुढे देश स्वतंत्र झाला, धोरण पालटले, आणि १९९७ व २००२ साली त्या लोकांस क्षेत्राबाहेरच्या वसाहतींत नेण्यात आले. २००२ साली पाणीपुरवठा बंद झाला आणि मोथोमेलो येथील नलिकाविहीर निकामी करण्यात आली. ज्या रानात परदेशी प्रवासी शुल्क भरून, शंभर लिटर पाणी गाडीत घालून जाऊ शकतो, त्याच रानात जन्मलेल्या माणसास परवान्यावाचून पाऊल टाकता येईना.

प्रकरण न्यायालयात गेले. १३ डिसेंबर २००६ रोजी तेथील उच्च न्यायालयाच्या तिघा न्यायमूर्तींनी निकाल दिला. बहुमताने ठरले ते असे: अर्जदार त्या भूमीचे कायदेशीर कबजेदार होते आणि त्यांस त्यांच्या संमतीवाचून बेकायदा बाहेर काढण्यात आले, परवान्यावाचून प्रवेश नाकारणे आणि शिकारीचे परवाने न देणे हेही बेकायदा, परंतु पाणी इत्यादी सोयी बंद करणे बेकायदा नव्हते, आणि त्या पुन्हा सुरू करण्यास सरकार बांधलेले नाही. म्हणजे घरी जाण्याचा हक्क मिळाला, घरी पाणी पिण्याचा नव्हे. सरकारने तर हा निकाल दाव्यात ज्यांची नावे आहेत तेवढ्यांपुरताच, असा अर्थ केला. पाण्यासाठी पुन्हा दावा लावावा लागला, आणि जानेवारी २०११ मध्ये अपील न्यायालयाने स्वखर्चाने विहीर खोदून पाणी वापरण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. ज्यांच्या पूर्वजांनी शहामृगाच्या अंड्यांच्या कवट्यांत पाणी साठवून वाळूत पुरून ठेवण्याची युक्ती काढली, त्यांस पाण्याचा हक्क शाबीत करण्यास नऊ वर्षे लागली.

याहून मनास लागणारी गोष्ट पुढेच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये त्या लोकांपैकी एक वृद्ध वारले. वाडवडिलांच्या शेजारी, रक्षित क्षेत्राच्या आत आपले दफन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. सरकारने ते नाकारले, न्यायालयांनीही कुटुंबाविरुद्ध निर्णय दिला, आणि शव शवागारातच राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सत्तापालट होऊन डुमा बोको हे राष्ट्राध्यक्ष झाले. पूर्वी वकील या नात्याने याच लोकांची बाजू त्यांनी मांडली होती. त्यानंतर डिसेंबरात, म्हणजे सुमारे तीन वर्षांनी, त्या वृद्धाचे त्याच वाळूत दफन झाले. ज्या समाजात दहाव्या-तेराव्याची तिथी टळू नये म्हणून लोक मुंबईहून रात्रीचा प्रवास करून येतात, त्या समाजास तीन वर्षे हा काळ किती मोठा ते सांगावयास नको. आणि ज्यांच्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात आपले देव उचलून नदीपार नेले, त्यांस भूमी सुटणे म्हणजे काय हेही परके नाही.

आता पुन्हा आपल्या काळी नदीकडे वळू. तेथेही रान निर्मनुष्य नव्हते. कुणबी कुमरी शेती करीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सरकारने तिजवर निर्बंध घातले. गवळी-धनगर म्हशी घेऊन हिंडत. सुपे हे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तेथील माणसे रामनगरास वसविण्यात आली. व्याघ्रप्रकल्पातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबास प्रथम १० लाख आणि २०२१ पासून १५ लाख रुपये देण्याचे ठरले. आणि हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांतून सिद्दी राहतात, ज्यांचे पूर्वज पोर्तुगीज व अरब व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले आणि ज्यांतले पुष्कळ गोव्यातून निसटून या रानाच्या आश्रयास आले. त्यांच्या घरात आज कोकणी बोलतात. आफ्रिकेचे रान पाहण्यासाठी हजारो मैल जाणाऱ्या आमच्या प्रवाशास, आफ्रिकेतून आलेली आणि आपलीच भाषा बोलणारी माणसे केलगेरीपासून दोन-तीन तासांच्या वाटेवर रानात राहतात, हे पुष्कळदा ठाऊक नसते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींस २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले.

कलाहारीचा निकाल लागल्यानंतर दोनच दिवसांनी, १५ डिसेंबर २००६ रोजी, आपल्या लोकसभेने वनहक्कांचा कायदा मंजूर केला. दोहोंचा परस्परांशी काही संबंध नव्हता, तरी हा योग लक्षात राहण्याजोगा आहे. या कायद्याने अनुसूचित जमातींचे आणि इतर पारंपरिक वननिवासींचे हक्क मान्य केले. परंतु जे अनुसूचित जमातींत मोडत नाहीत त्यांनी १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या वनात आपले वास्तव्य असल्याचे दाखवावे लागते. ज्यांच्याकडे कधी सातबारा नव्हता, ज्यांची नावे कागदावर आलीच तर कुमरीच्या दंडात आली, त्यांनी ७५ वर्षांचा पुरावा कोठून आणावा? २००७ च्या नियमांतील तेराव्या नियमाने यास थोडी वाट करून दिली आहे. गॅझेटियर, जनगणना, जंगलखात्याचे अहवाल, न्यायालयांचे हुकूम हे पुरावे तर चालतातच. वडीलधाऱ्या माणसांचे लेखी निवेदनही चालते. दौऱ्यावरील साहेबांनी राहुटीत बसून लिहिलेली पुस्तके येथे अनपेक्षितपणे ज्यांच्यावर वेठ पडली त्यांच्याच वंशजांच्या उपयोगी पडतात. आणि त्याच नियमात, वस्तीचे प्राचीनत्व दाखविणाऱ्या पारंपरिक खुणा म्हणून विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थाने यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा झाडाखाली शेंदूर लावलेला, नाव नसलेला देवाचा दगडही दाव्यात पुरावा म्हणून मांडता येतो.